परबकाकांच्या पितळी चकत्या

आमच्या घाटकोपरच्या चाळीत परबकाकांना जेवायला बोलवायचं म्हणजे जिवावर यायचं. पानात पापड पडला की खिशातून मायक्रोमीटर काढून हा गृहस्थ आधी त्याची जाडी मोजणार. "वहिनी, कडेक जाड रवलो हां," असं आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगणार आणि मगच खाणार. माझी बायको सुमन आत भांडी आपटायची. "नुसत्या डोळ्यार भरोसो ठेवू नको रे," हे वर मला.

काका मालवणकडचे. कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्याच त्यांच्या खोलीत पायाने चालवायचा एक छोटा लेथ होता, त्यावर घड्याळवाल्यांसाठी, शिलाई मशीनवाल्यांसाठी बारीकसारीक भाग कातत बसायचे.

आमच्या मुलीला, शोभाला, पोलिओ झालेला, पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. गुडघ्याच्या बिजागरीत पट्ट्या घासायच्या आणि पावलागणिक कुईं वाजायचं. शाळेत पोरी नक्कल करायला लागल्या. एके दिवशी शोभाने सांगूनच टाकलं, मी आता शाळेत जाणार नाही. आम्ही समजावून थकलो. तेल घातलं, बाजारातला वायसर घालून बघितला, तर तो जाड. गुडघाच वळेना.

काकांना कळलं तसे दारात आले. "माका सांगूक तोंड नाय होता तुका? आण तो कॅलिपर हय."

दोन पट्ट्यांच्या मध्ये बसेल अशी कागदासारखी पातळ पितळी चकती हवी होती. "आवळून धरली तर वाकता मेली," काका म्हणाले. "ठोकळ्यार लाखेन चिकटवची, मगे कातूची." त्यांच्याकडचं रॉकेल संपलेलं, म्हणून लाख आमच्या स्टोव्हवर वितळवली. तीसुद्धा सुमनच्या चहाच्या पातेल्यात! पुढे कितीतरी दिवस आमच्या चहाला लाखेचा वास यायचा, पण सुमनने एकदाही भांडं आपटलं नाही.

काका चकत्या कातायचे, मोजायचे आणि शिव्या घालून फेकून द्यायचे. शेवटी एक जोडी मनासारखी बसली. शोभा खोलीभर चालली. खाली बसली, उठली, पुन्हा चालली. कुठे आवाज नाही. "आई, माझं दप्तर कुठंय गं?" म्हणाली. मी हात जोडले तर काका खेकसले, "नाटकां नको करू, चाय सांग."

त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

शोभा पुन्हा शाळेत जायला लागली, आणि ती निघायच्या वेळेला काका रोज आपल्या दारात उभे दिसायला लागले. एकदा मी विचारलं, "काय काका, हल्ली सकाळचं काम बंद?"

"तसा नाय रे." ते हात पुसत राहिले. "आधी आत बसान कळायचा, पोर शाळेत चालली. बरा वाटायचा, कोणतरी दारावरसून गेला म्हणान. तो आवाज मीच घालवलंय. आता बघूक भायर येवचा लागता."