हिरवा पट्टा, निळी लेन्स

वस्तू कशी निवडावी हे लोकांना कळत नाही. हे मी कुणाला नावं ठेवायला म्हणत नाही. खरं म्हणजे नावं ठेवायलाच म्हणतोय! लोक दुकानात जातात, पहिलं दिसेल ते उचलतात आणि घरी येऊन शेजाऱ्यांना विचारत बसतात, "छान आहे ना हो?" आपलं तसं नाही. साधं चहाचं गाळणं घ्यायचं असलं तरी मी त्याची जाळी उजेडाकडे धरून बघतो. मला लांबून येताना पाहिलं की कोपऱ्यावरचा भांडीवाला दुकान अर्धं बंद करतो, ते काही उगाच नाही.

तेव्हा घरात पहिला खराखुरा कॅमेरा, म्हणजे तो गळ्यात अडकवायचा, लेन्स बदलायचा डीएसएलआर घ्यायचं ठरलं, तसं मी सगळ्यांना बजावलं, "मध्ये कुणीही तोंड घालायचं नाही. कंपनी मी निवडणार!"

"पण तुम्हाला फोटो काढता येतो का?" बायकोने विचारलं.

तिची ही जुनी खोड आहे. मुद्दा सोडून बोलायचं.

मुद्दा होता आईच्या खिळ्याचा. या घरात राहायला आलो त्याच दिवशी आईने हॉलच्या भिंतीवर सोफ्याच्या वर एक खिळा ठोकून घेतला. "इथे माझ्या तिन्ही लेकरांचा फोटो लागेल," म्हणाली. तेव्हापासून तो खिळा उघडाच. दादा बोटीवर इंजिनिअर. तो जमिनीवर आला की ताईला रजा नसते, ताई आली की दादा समुद्रात. मी शेंडेफळ, कायम घरातच, पण माझ्या एकट्याच्या फोटोत आईला काडीचा रस नाही. आणि आता पहिल्यांदा दोघं एकाच दिवशी येणार होते. दादा तर दुपारी जेवून तसाच बंदराकडे निघणार होता. "यानंतर बरीच वर्षं सुट्टी नाही गं आई," तो फोनवर म्हणाला. आईने फोन ठेवला, फडकं घेतलं आणि खिळा पुसला. मला भरूनच आलं हो.

"स्टुडिओवाल्याला बोलवू या का?" ताईने फोनवर विचारलं.

"स्टुडिओवाला? आधी मान वाकडी करायला लावतो आणि मग मान वाकडी का म्हणून आपल्यालाच ओरडतो!"

"मग मोबाईलवर काढू. काय बिघडलं?"

"मोबाईलवर? ताई, मोबाईलवर गळक्या नळाचा फोटो काढून प्लंबरला पाठवतात! आईच्या खिळ्यावर मोबाईलचा फोटो? माझ्या हयातीत नाही!"

हे मी जरा मोठ्याने बोललो. त्यामुळे सगळ्यांच्या नीट लक्षात राहिलं.

आता कंपन्या तशा पुष्कळ, पण खरी मारामारी दोघींत. नावं घेत नाही, त्यांचे भक्त अंगावर धावून येतात. एकीच्या कॅमेऱ्याचा पट्टा हिरवा आणि दुसरीच्या निळा, एवढ्यावर भागवू.

हिरवीचा भक्त माझा मेहुणा. हा माणूस कावळ्यांचे फोटो काढतो. फक्त कावळ्यांचे! आल्या आल्या चपला काढायच्या आधी त्याने एक कावळा माझ्या नाकासमोर धरला.

"बघा भावोजी, पीस न् पीस मोजून घ्या!"

"छान आहे कावळा."

"छान? अहो, निळीने काढला असता तर मेलेला वाटला असता! निळीत सगळे आजारीच दिसतात. तुम्ही हिरवी घ्या. लेन्स विकत घेऊ नका, नुसती बॉडी घ्या. माझी लेन्स ती तुमची लेन्स!"

निळीचे भक्त आमचे साहेब. मी रजेचा अर्ज घेऊन केबिनमध्ये गेलो तर त्यांनी अर्ज बाजूला सारला आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर पानावरचा थेंब.

"काय दिसतंय?"

"पाणी, साहेब."

"नीट बघा!"

"स्वच्छ पाणी, साहेब."

"अहो, थेंबात मी आहे! उलटा!"

होते खरंच. उलटे असूनही रागावलेलेच दिसत होते.

"रजा कशासाठी?"

"घरचा फोटो काढायचाय. नवीन कॅमेरा घेतोय."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन अर्जावर अधांतरी धरलं. "कुठल्या कंपनीचा? हिरवीबिरवी नाही ना? हिरवीत माणसाला कावीळ झाल्यासारखं दिसतं."

"छे! निळी, साहेब! निळीशिवाय विचारच नाही!"

सही झाली.

आणि त्याच संध्याकाळी मी हिरवी घेतली. त्याचं काय आहे, मेहुणा दुकानात माझ्या दंडाला धरून उभा होता. सालस दिसतो, पण पकड पक्की आहे. नुसती बॉडी घेतली. "साहेब, लेन्सपण घेऊन जा," दुकानदार गयावया करत होता. मी म्हटलं, "आम्हाला शिकवू नका!" तरी त्याने शिकवलंच, "बरं, निदान कॅमेऱ्याच्या तोंडाचं झाकण उगाच उघडू नका. आत धूळ गेली की संपलं." एवढं मात्र मला पटलं. मी ते झाकण घरच्या तिजोरीसारखं जपलं.

इकडे साहेब इतके खूश झाले की फोटोच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःची लाडकी लेन्स माझ्या हातात ठेवली. लोकरीच्या कानटोपीत गुंडाळलेली. "लहान खोलीत अख्खं कुटुंब मावतं हिच्यात! पण लागेपर्यंत टोपी काढायची नाही."

झालं ना काम! आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा हिरवीचा आणि लेन्स निळीची. मग काय झालं? शेगडी एका कंपनीची असते, पातेलं दुसऱ्या कंपनीचं असतं. चहा होतोच की नाही? मी लगेच मेहुण्याला घरी बोलावून सांगितलं, "तुझी कावळ्यांची लेन्स राहू दे. आम्हाला मोठ्या लोकांनी मोठी लेन्स दिलीय." तो चहा न घेता निघून गेला. म्हटलं, जाऊ दे! कलेत असे रुसवेफुगवे चालायचेच.

तो दिवस उजाडला. दादा आला, ताई आली. जेवणं झाली. आई ठेवणीतले कपडे घालून सोफ्यावर बरोबर खिळ्याखाली बसली. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला ताई, मध्ये माझ्यासाठी जागा. योजना फक्कड होती. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा, टायमर लावायचा, धावत जाऊन आईशेजारी बसायचं.

मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. साहेबांच्या लेन्सची टोपी काढली. लेन्स लावली. म्हणजे लावायला गेलो.

डावीकडे फिरवली. उजवीकडे फिरवली. तळहाताने दाबली. आतून असा काही आवाज आला की मीच दचकलो.

"बसत नाही का रे?" दादाने विचारलं.

"नवीन आहे. सुरुवातीला घट्ट असते."

दादाने लांबूनच मान तिरकी करून बघितलं. "घट्ट नाही रे ती. तोंडच वेगळं आहे. बाटली एकीची आणि झाकण दुसरीचं!"

"तुझ्या बोटीचे पाईप इथे आणू नकोस!"

आई म्हणाली, "होईल हो त्याचं. बसा तुम्ही."

तिच्या त्या 'होईल हो'नंतर मी लेन्स आणखी जोराने दाबली. बायकोने स्वयंपाकघरात जाऊन भावाला फोन लावला. "अरे, तुझी लेन्स घेऊन ये. लगेच. हो, तेच झालंय. हसू नकोस!"

दोन मिनिटांत बेल वाजली. मी धावत जाऊन दार उघडलं, "ये बाबा, ये लवकर!" आणि बघतो तर दारात साहेब!

"बाबा?" साहेब म्हणाले.

"या, या साहेब! अलभ्य लाभ!"

"जेवणाच्या सुट्टीत म्हटलं बघून यावं, आमची लेन्स कशी बसलीय."

मी मागच्या मागे सरकलो आणि खुर्चीवरची उशी उचलून कॅमेऱ्यावर टाकली. "बसलीय ना! मस्त बसलीय! आता जरा विश्रांती घेतेय."

ताईने तोंडात रुमाल कोंबला. साहेब उशीकडे बघत होते. उशीखालून हिरवा पट्टा लोंबत होता. तो मी पायाने सोफ्याखाली सारणार, एवढ्यात दार ढकलून मेहुणा आत आला आणि गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "कुठंय आपली हिरवी?"

साहेबांनी उशी उचलली. मग कॅमेरा उचलला. मग त्यांची लेन्स बघितली, आणि तिच्या तोंडावर माझ्या दाबादाबीचे ओरखडे.

"तुम्ही... माझी लेन्स... ह्या काविळीला लावत होता?"

"कावीळ कुणाला म्हणता?" मेहुणा उसळला. "निळीने काढलेली माणसं उचलायला चार जण लागतात!"

"तुम्ही कोण?"

"मी कावळ्यांचे फोटो काढतो!"

"तेच शोभतं तुम्हाला!"

असं म्हणत दोघं सोफ्याच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांवर बोटं रोखायला लागले. खालून गाडीचा हॉर्न वाजला. दादाला न्यायला आली होती.

"झालंच, झालंच!" मी मेहुण्याच्या हातातली लेन्स हिसकावली. ती खटकन बसली! काय सुंदर आवाज तो! मी डोळा लावला.

चौकटीत आईच्या चष्म्याची एक काच होती. फक्त काच.

"मागे व्हा, भावोजी," मेहुणा भांडण थांबवून म्हणाला. "लांबच्या कावळ्यासाठी आहे ती."

मी भिंतीपर्यंत मागे गेलो. आईचं नाक आलं. पॅसेजमध्ये गेलो. कपाळ आलं. दारातून बाहेर पडलो, जिन्यापर्यंत गेलो. आईचा अख्खा चेहरा आला आणि दादाचा कान! चार पायऱ्या उतरलो, तर आता सगळ्यांची नुसती डोकी दिसायला लागली. परत वर आलो. हॉर्न पुन्हा वाजला.

"असू दे रे," आतून आईचा आवाज आला. "पुढच्या वेळी काढू."

पुढच्या वेळी! आई असं म्हणते तेव्हा तिने आशा सोडलेली असते. मला राहवेना. जे दिसतंय ते दिसतंय म्हणत कॅमेरा कठड्यावर टेकवला, टायमर लावला आणि ओरडलो, "आलो! कुणीही हलू नका!"

मी धावलो. दार ओलांडलं, पॅसेज ओलांडला. मंडळी, या वयातही मी वाऱ्यासारखा धावतो. फक्त कॅमेऱ्याचा हिरवा पट्टा माझ्या मनगटात अडकलेला होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. कॅमेरा माझ्या मागोमाग आला. आधी पायात आला. मी तसाच पालथा, डोकं थेट सोफ्याखाली आणि उरलेला मी आईच्या पायाशी.

आई हसली. अशी हसली की चष्मा निसटला. दादा तिच्या खांद्यावर कोसळला, ताईला श्वास घेता येईना. आणि सोफ्याखाली मला एक बारीकसा आवाज ऐकू आला. कचकन. बायकोच्या मोबाईलचा!

दादा गेला. जाताना त्याने मला घट्ट मिठीत धरलं. साहेबांनी लेन्स कानटोपीत गुंडाळून नेली, आणि माझी पुढची रजाही. हिरवी दुरुस्तीवाल्याने नुसती हलवून, कानाला लावून बघितली आणि परत दिली.

फोटो आता त्या खिळ्यावर आहे. आईने तो मोठा करून घेतला. खरं सांगायचं तर उत्तम आलाय. आई, दादा आणि ताई, तिघंही पोट धरून हसतायत. दोन टोकांना साहेब आणि मेहुणा बोटं रोखून उभे आहेत. रंग झकास, कुणाला कावीळ नाही, कुणी आजारी नाही. येणारा प्रत्येक पाहुणा आधी फोटो बघतो आणि मग विचारतो, "अहो, तिन्ही मुलं म्हणालात ना? मग तिसरा कुठाय?"

"तो काय, खाली पुढ्यात," आई कौतुकाने बोट दाखवते. "चेहरा नाही आला, पण ओळखू येतो की!"

आणि ओळखतात हो लोक! हेच मला जास्त लागतं.