रॉसच्या मगातली भिंगरी

टॅमसिनच्या रिकाम्या पिंजऱ्याने काम केलं आणि सगळा घोटाळा सुरू झाला.

ॲडलेडच्या त्या प्रयोगशाळेत ती तीन वर्षं पॅलेडियम धातूच्या कणांसाठी पिंजरे बनवत होती. कण अतिशय चिमुकले. मोकळे सोडले की एकमेकांना चिकटतात आणि कामातून जातात. म्हणून त्यांना सच्छिद्र सेंद्रिय भुकटीच्या भोकांत कोंडायचं. मग ते मुकाट्याने रिॲक्शन घडवून आणतात. शुक्रवारी समिती बसणार होती. तिला पटलं तर शिष्यवृत्ती वाढणार, नाहीतर टॅमसिन पोर्ट लिंकनला, भावाच्या दुकानात मासे तळायला.

समितीचं मागणं एवढंच होतं: धातू न भरलेला पिंजराही वापरून दाखव. त्याने काही व्हायला नको.

झालं. तितकंच झकास झालं.

"पिंजराच काढून टाक," तिचा प्रोफेसर रॉस म्हणाला.

काढला. तरी झालं.

"आता बाटलीत आहे तरी काय?"

"कच्चा माल. आणि ढवळायची भिंगरी."

दोघांनी भिंगरीकडे पाहिलं. शेंगदाण्याएवढं चुंबक, त्यावर टेफ्लॉनचं कवच. कधीकाळी पांढरं असावं. आता करडं, ओरखड्यांनी भरलेलं.

"अगं, धुतेस की नाही?"

"आम्लात उकळली, रॉस! ओरखड्यांत पॅलेडियम जे ठाण मांडून बसलंय, ते हलायलाच तयार नाही. माझ्या पिंजऱ्यांत इतकं सुखाने राहिलं असतं तर!"

"कुणा गचाळ माणसाची आहे ही? कुठून उचललीस?"

"तुझ्या टेबलावरच्या मगातून. माझी सिंकमध्ये वाहून गेली."

रॉस हळूच स्टुलावर बसला. ज्या रिॲक्शनमुळे तो प्रोफेसर झाला, ती याच भिंगरीने ढवळली होती. धातूशिवाय घडणारी रिॲक्शन म्हणून गाजली होती ती. भिंगरी त्याने आठवण म्हणून जपली होती.

"नव्या मागव," तो म्हणाला. "दोन."

गुरुवारी नव्या भिंगऱ्या आल्या. टॅमसिनचा भरलेला पिंजरा चालला, रिकामा ढिम्म राहिला. तिने भावाला फोन केला, "मासे तूच तळ!"

दुसरी नवी भिंगरी घेऊन रॉस शेजारच्या खोलीत दार लावून आपली ती गाजलेली रिॲक्शन पुन्हा करत बसला होता. संध्याकाळी दार किलकिलं झालं.

"टॅमसिन," तो म्हणाला, "ती जुनी कुठे ठेवलीस गं?"