परवडणाऱ्या प्रोजेक्टरचे निःपक्षपाती मूल्यमापन

मनुष्य आणि वस्तू यांच्या नात्यातला सर्वांत पवित्र काळ कोणता, असे विचारल्यास जाणकार एकमुखाने सांगतील : परत करण्याच्या मुदतीचे दहा दिवस. त्याआधी वस्तू स्वप्न असते, त्यानंतर अडगळ. मधल्या दहा दिवसांतच तिच्याकडे कुणी खऱ्या अर्थाने पाहतो. आणि लाटंबार्से गावच्या रुद्रेशने जेवढे पाहिले तेवढे क्वचितच कुणी पाहिले असेल.

रुद्रेश डिचोलीच्या एका कार्यालयात अव्वल कारकून होता. त्याच्या टेबलावरून अकरा वर्षांत एकही कागद घाईने पुढे गेला नव्हता. (या काळात तीन अर्जदार वारले. कागद सुस्थितीत आहेत.)

प्रोजेक्टर त्याने चैनीखातर मागवला नाही. त्याचे वडील शंभू, वय शहात्तर, खाणीवरच्या वजनकाट्यावर आयुष्यभर ट्रक तोलून निवृत्त झाले होते. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आता मधोमध काळोख धरू लागला होता. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितले, की जे काही पाहायचे असेल ते पंधरा-वीस दिवसांत, शक्यतो मोठे करून, पाहून घ्यावे. शंभूबाबांना एकच गोष्ट पाहायची होती. चौदा वर्षांपूर्वी गावच्या महिला मंडळाने देवळाच्या मंडपात नाटक केले, त्यात त्यांची पत्नी देवकी राणीची सखी झाली होती; वाट्याला अकरा वाक्ये होती. दोडामार्गच्या एका फोटोग्राफरने केलेले चित्रण पेनड्राइव्हवर होते. देवकी तीन वर्षांपूर्वी गेली. मोबाइलवर ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसे, टीव्हीवर बोटाएवढी. म्हणून ती भिंतीएवढी दिसावी असे ठरले.

येथवर सर्व भावनिक होते, म्हणजेच धोक्याचे होते. रुद्रेशने पहिल्याच दिवशी फाइल उघडून तीत नोंद केली : ‘सदर नाटक मूल्यमापन पूर्ण होईपर्यंत लावू नये. आईला पाहून परीक्षकाचे मत यंत्राच्या बाजूने झुकण्याचा संभव आहे.’ नोंद तर्काला धरून होती. गेल्या तीन वर्षांत त्याने तो पेनड्राइव्ह स्वतःच्या हाताने कुठेही जोडला नव्हता, हे मात्र तीत नमूद नाही.

दुसरा दिवस भिंतीच्या मालकीत गेला. घरात पुरेशी मोठी आणि पांढरी अशी एकच भिंत होती, दिवाणखान्याची. दिवाणखाना वाटणीपत्रानुसार दोन घरांचा होता : रुद्रेशचा आणि त्याचा चुलतभाऊ गौरेश याचा. सीमा दाखवणारा खिळा भिंतीत आजही आहे. एकशे वीस इंचांच्या चित्रापैकी एकोणऐंशी इंच रुद्रेशच्या हिश्शात पडत होते आणि एकेचाळीस गौरेशच्या.

“उजेड तुजो, पूण भिंत आमची मरे, दादा,” गौरेश म्हणाला.

“उजेडाने भिंत झिजते काय रे?”

“झिजना. पूण फाल्यां तुजी पोरां म्हणतली, आमचो उजेड हांगा आदींसावन पडटा, म्हणजे भिंत आमची. मागीर?”

उद्या आपली पोरे वहिवाटीचा हक्क सांगतील, हा मुद्दा रुद्रेशला इतका पटला की त्याने मनोमन भावाचा आदर केला. गोमंतकात सहहिस्सेदाराच्या ना-हरकत पत्राशिवाय माडाची झावळीसुद्धा खाली पडताना विचार करते. प्रकाशाने अपवाद व्हावे असे कारण नव्हते. पत्र मिळाले, त्यात दोन अटी होत्या. एक, गौरेशच्या घरातली चारही माणसे मूल्यमापन समितीवर असतील. दोन, समतारखेला काय लावायचे ते तो ठरवील.

अशा रीतीने समिती सात जणांची झाली. रुद्रेश अध्यक्ष; त्याची बायको सिद्धी सचिव (चहासह); गौरेश, त्याची पत्नी संजना, त्यांच्या दोन मुली श्रद्धा व गौरवी हे सदस्य; आणि शंभूबाबा ज्येष्ठ सदस्य, मताधिकाराविना, कारण दृष्टिदोष असलेल्या व्यक्तीने चित्राच्या दर्जाविषयी मत द्यावे हे उचित दिसले नसते.

रोज दुपारी तीन वाजता जनेलं, म्हणजे खिडक्या, बंद करून त्यांवर गोधड्या टांगण्यात येत. मग तो अंधार, ज्यात सात माणसे आपापल्या हिश्शात कदेली (खुर्च्या) मांडून एकाच दिशेला तोंड करून बसत, एखाद्या अनाम पूजेसारखा गंभीर होई. निष्कर्ष पुढीलप्रमाणे नोंदवले गेले.

प्रकाश : खोक्यावर नऊ हजार ल्युमेन. प्रत्यक्षात गोधडीच्या एका भोकातून आलेल्या उन्हापुढे चित्र हरले. (भोक बुजवण्यात आले. भोकाचे ल्युमेन मोजलेले नाहीत.)

स्पष्टता : अतिसूक्ष्म चित्राला यंत्राचा ‘पाठिंबा’ असल्याचे खोक्यावर लिहिले आहे. पाठिंबा होता. चित्र सूक्ष्म नव्हते.

आवाज : पंखा सुरू झाल्यावर गौरवीला भातगिरणी आठवली, संजनाला विमान, गौरेशला त्याचे सासरे. तिन्ही मते बहुमताने स्वीकारली.

कोपरे : चित्राचा उजवा वरचा कोपरा धूसर. तो गौरेशच्या हिश्शात असल्याने त्याने लेखी निषेध नोंदवला, की चांगला उजेड तुम्हाला आणि मवाळ आम्हाला, हे वाटणीपत्राच्या भावनेविरुद्ध आहे. यंत्र दोन वीत सरकवल्यावर डावा कोपरा धूसर झाला. तोडगा म्हणून दोन्ही कोपरे सारखेच धूसर ठेवण्यात आले. घरात इतका सलोखा वाटणीनंतर प्रथमच दिसला.

विषमतारखांना रुद्रेशने वाघ, हिमनग आणि रंगांच्या पट्ट्या लावल्या. समतारखांना गौरेशने फुटबॉल लावला. एक दुपार वीज नसल्याने वाया गेली, तरी समिती बसली, आणि काळा रंग उत्तम असल्याची नोंद झाली.

शंभूबाबा रोज अडीचलाच येऊन बसत. पहिले दोन दिवस ते घरच्या बनियनवर आले, तिसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा सदरा घालून.

“रुद्रेशा,” सहाव्या दिवशी ते म्हणाले, “वाग पळयलो, फुटबॉल पळयलो. तुजी आवय केन्ना येतली रे?”

“आई येईल, बाबा. आधी यंत्र पास होऊ दे.”

“ती सातवी पास आसली. जमतलें तिका.”

सिद्धी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्याने ठेवत होती. “अहो, माणूस केस विंचरून बसतोय त्या भिंतीपुढे. एकदा लावा ना.”

“नियम सगळ्यांना सारखा,” रुद्रेश म्हणाला. भांड्यांच्या आवाजाची तुलना त्याने पंख्याशी करून पाहिली.

दहाव्या दिवशी दुपारी ठराव झाला : यंत्र किमतीच्या मानाने समाधानकारक, कोपऱ्यांच्या मानाने असमाधानकारक, सबब परत करावे आणि याहून वरचे मागवावे. सह्या सहा. चार वाजता मुदत संपत होती. साडेतीनला कुरिअरचा आनंदा, मूळचा बेळगावकडचा, दारात हजर झाला.

“द्या की ओ साहेब लवकर. अजून अस्नोड्याला जायचंय मला.”

आता मूल्यमापन संपले होते, त्यामुळे पक्षपाताची भीती उरली नव्हती. रुद्रेशने पेनड्राइव्ह जोडला. भिंतभर निळा उजेड पसरला आणि त्यावर पांढरी अक्षरे उमटली : फाइल उघडता येत नाही. त्याने पुन्हा जोडला. निळा उजेड, तीच अक्षरे. चौदा वर्षांपूर्वीच्या चित्रणाची जात या यंत्राला उमगत नव्हती. दहा दिवसांत वाघ, हिमनग, फुटबॉल आणि अंधार तपासून झाला होता. ज्यासाठी यंत्र आणले, तेवढेच तपासायचे राहिले होते.

“दोडामार्गला नेऊन फाइल बदलून आणू,” सिद्धी म्हणाली. “उद्याचं काम आहे. ठेवून घ्या हे.”

“ठराव झालाय,” रुद्रेश म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्या कुणाच्या टेबलावरून आल्यासारखा वाटला.

“आयली!”

सगळ्यांनी मागे पाहिले. शंभूबाबा कदेलीच्या कडेवर सरकले होते. त्यांना अक्षरे दिसत नव्हती. त्यांना समोर, माणसाहून मोठे, निळे असे काही उभे दिसत होते.

“निळ्या कापडान कितली बरी दिसता पळय.” मग बराच वेळ ते कान देऊन थांबले. सखी काही बोलत नव्हती. त्याचे कारणही त्यांनीच दिले : “उलयना ती. भियेल्या. पयलेच खेप मंडपान उबी रावल्या न्हय.”

गौरेशने आपल्या हिश्शातल्या एकेचाळीस इंचांबद्दल हरकत घेतली नाही.

“साहेब,” आनंदा दारातून हळूच म्हणाला, “राहू दे पाच मिनिटं. मी थांबतो.”

तो बारा मिनिटे थांबला. मग चारला दोन मिनिटे कमी असताना रुद्रेशने वायर काढली, यंत्र मूळ थर्मोकोलात बसवले आणि पावती घेतली. शंभूबाबांनी अंधारात दोनदा टाळी वाजवली आणि उठले. अहवालात ‘रंगांची विश्वासार्हता’ या रकान्यापुढे नोंद आहे : ‘ज्येष्ठ सदस्यांचे पूर्ण समाधान.’

वरचे मॉडेल एकोणिसाव्या दिवशी आले. ते सर्व जातींच्या फाइली उघडते, कोपरे काटेकोर आहेत, देवकी भिंतभर दिसते आणि अकराही वाक्ये स्वच्छ ऐकू येतात. शंभूबाबा ती ऐकतात. कधीकधी चेहरा आवाजाच्या थोडा डावीकडे वळलेला असतो; तेवढा सिद्धी येऊन सरळ करते.

जुन्या यंत्राचे परीक्षण रुद्रेशने संकेतस्थळावर लिहिले. साडेतीन तारे. शेवटी त्याने एक ओळ घातली होती : ‘वडिलांना आई वेळेत दाखवता आली नाही.’ उत्पादनाशी संबंध नसल्याने ती काढून टाकण्यात आली. उरलेले परीक्षण दोनशे चौदा लोकांना उपयुक्त वाटले. त्याखाली एकोणीस प्रश्न आले : पंख्याबद्दल सात, किमतीबद्दल आठ, आणि चार जणांना वरचे मॉडेल नेमके कोणते ते हवे होते.

विसावा प्रश्न तुमचा. तो विचारण्याचे कष्ट घेऊ नका. मॉडेलचे नाव वर कुठेही दिलेले नाही, आणि तुम्ही ते मागे जाऊन शोधलेत, याची नोंद घेण्यात आली आहे.