पान एकेचाळीस

कोणत्याही नव्या औषधापासून आधी समितीचं संरक्षण व्हावं लागतं. रुग्णाचं मागाहून बघता येतं. संशोधन केंद्राच्या परवानगी समितीनं हे तत्त्व इतक्या निष्ठेनं पाळलं, की तिच्या एकाही सदस्याला आजवर औषधाची बाधा झालेली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधक बाईंनी नऊ वर्षं खपून एक औषध तयार केलं होतं. मेंदूतल्या गाठीवर किरणं सोडायच्या अर्धा तास आधी ते टोचायचं, म्हणजे गाठ जळेल पण शेजारची स्मरणशक्ती शाबूत राहील, असा बेत. आणि नेमकी त्यांच्या धाकट्या भावाच्याच डोक्यात गाठ निघाली. भाऊ टपालवाला. अकराशे दारं त्याला तोंडपाठ (कुत्र्यांच्या स्वभावासकट).

"ताई, गाठ जाऊ दे गं, पण माझे पत्ते तेवढे सांभाळ," तो म्हणाला. बाईंना भडभडून आलं.

त्यांनी हातापाया पडून तातडीची बैठक मिळवली. त्यातला पाऊण तास 'तातडी'ची व्याख्या करण्यात गेला (योग्यच आहे, व्याख्या घाईत करू नये).

मग अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "स्मरणशक्ती गेल्याचा दाखला जोडलेला दिसत नाही?"

"अहो, ती जाऊ नये म्हणूनच तर औषध!"

"म्हणजे अजून गेलेली नाही. मग वाचवायचं काय?"

सहा विरुद्ध शून्य मतांनी ठरलं: आधी किरणं, मग दाखला, मग औषध.

किरणं झाली. गाठ गेली. दाखलाही ताबडतोब मिळाला, आणि समितीनं अभिनंदनासह परवानगी दिली. फक्त संमतीपत्रात रुग्णानं स्वहस्ते आपला पत्ता लिहायचा होता. भाऊ पेन धरून बसून राहिला. "ताई, आपण राहतो कुठं गं?" त्यानं हळूच विचारलं. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. बाई जिन्यात बसून ढसाढसा रडल्या.

औषध टोचलेला एकही उंदीर किरणांनंतर खाण्याची वाट चुकला नव्हता. हे अर्जाच्या एकेचाळिसाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. पण औषध लागू पडतं का, हे सहांपैकी एकानंही विचारलं नाही.

समितीच्या नावानं बोटं मोडताना तुम्हीही विचारलं नाहीत. तिथं एक जागा रिकामी आहे, तुम्ही चालाल.