ब्रोनेबाईंचा हात

रिमविदासने घरी बनवलेला सिंथेसायझर पहिल्यांदा चालू केला, तेव्हा त्याची बायको दाइवा हातातलं काम टाकून उठली आणि तिने फ्रीज उघडून पाहिला. आवाजच तसा होता. फ्रीज म्हातारा झाला की जसा गुरगुरतो तसा, फक्त जरा मोठा. फ्रीज बिचारा ठणठणीत होता. गुरगुरत होती ती बैठकीच्या खोलीतली चपटी लाकडी पेटी, जिला वरून अ‍ॅल्युमिनियमचं झाकण होतं, झाकणावर दहा-बारा बटणं होती आणि त्यातलं कुठलंही बटण फिरवलं तरी आवाजात तसूभर फरक पडत नव्हता.

रिमविदास काउनास शहरात लोकांना मोटार चालवायला शिकवत असे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर बूट ठेवायचा आणि चेहरा शांत ठेवायचा, हा त्याचा पेशा. आता तो स्वतः शिकाऊ झाला होता आणि शेजारी ब्रेक घेऊन कुणी बसलेलं नव्हतं. विजेच्या बाबतीत त्याची मजल दिवा बदलण्यापर्यंत. पण शरद ऋतूत एका संध्याकाळी बिअर पिता पिता त्याचा मित्र एवाल्दास म्हणाला होता, की वसंतात सांस्कृतिक भवनात घरी बनवलेल्या वाद्यांचा कार्यक्रम ठेवतोय. रिमविदासच्या तोंडून निघून गेलं, "मग माझं नाव घाल." एवाल्दासने घातलं. दुसऱ्या दिवशी बिअर उतरली, नाव उतरलं नाही.

मग एका जर्मन माणसाने इंटरनेटवर टाकलेले वाद्याच्या जोडणीचे नकाशे आले, छोट्या छोट्या पिशव्यांतून सुटे भाग आले आणि सोल्डरिंगचं सामान आलं. पहिल्याच दिवशी सोल्डरच्या तापल्या टोकाने जेवणाच्या टेबलावरच्या लिननच्या चादरीला भोक पाडलं. ती चादर रिमविदासच्या सासूने, ब्रोनेबाईंनी, स्वतः विणलेली होती. त्यांनी साखरेचं भांडं उचललं आणि बरोबर त्या भोकावर ठेवलं. त्या दिवसापासून जेवायला बसलं की त्या आधी साखरेचं भांडं भोकावर आहे ना ते पाहत आणि मग जावयाकडे पाहत. रिमविदासला चहात साखर हवी असली तरी तो न घेताच प्यायला लागला.

ब्रोनेबाई त्यांच्याकडे राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. बर्फावरून पाय घसरून खुबा मोडला, तो जोडला, आणि मग एकटीने राहायचं नाही असं दाइवाने ठरवून टाकलं. बाई आयुष्यभर लिननच्या गिरणीत एका अख्ख्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी भुवई उचलली की माग थांबत. आता लेकीच्या घरी त्या बटाटे सोलायला उठल्या तरी दाइवा म्हणे, "आई, तू बस." कपडे वाळत घालायला गेल्या, "आई, तू बस." त्यामुळे त्या खिडकीखाली खोली गरम ठेवणारा लोखंडी रेडिएटर होता, त्याच्याजवळच्या खुर्चीत बसून असत. पाय त्यांचे कायम गार, म्हणून मोजे काढून तळवे थेट रेडिएटरला लावायचे, आणि तोंडाने कुणाशी फारसं बोलायचं नाही.

पेटी दुरुस्त करण्यात रिमविदासचा सगळा हिवाळा गेला. त्याने एकेक सांधा पुन्हा तापवला. एक भाग उलटा बसला होता तो सुलटा केला, मग सुलटा बसलेला चुकून उलटा केला. जर्मन माणसाला प्रश्न विचारावे तर उत्तरातले निम्मे शब्द त्याला कळत नसत आणि उरलेले कळले तरी काय करायचं ते कळत नसे. पेटी आपली गुरगुरत होती.

एका रविवारी टेबल जेवणासाठी मोकळं करायला हवं होतं, म्हणून त्याने पेटी उचलून सासूबाईंच्या खुर्चीशेजारच्या तिपाईवर ठेवली आणि नेहमीसारखं निराश मनाने एक बटण फिरवलं. पेटीतून स्वर निघाला. स्वच्छ, गोल, बासरीच्या जवळपास जाणारा. त्याने दुसरं बटण फिरवलं, स्वर वर चढला. तिसरं फिरवलं, स्वर थरथरला, आणि थरथरायलाच हवा होता. तेवढ्यात ब्रोनेबाई पाणी प्यायला उठल्या आणि पेटी पुन्हा गुरगुरायला लागली.

त्या परत येऊन बसल्या. स्वर आला.

रिमविदास गोंधळला तो इथून. त्याने आधी पेटी पाहिली, मग सासूबाई पाहिल्या. माणूस बसल्याने वाद्य सुधारतं हे कुठल्याही नकाशात लिहिलेलं नव्हतं. खूप विचार करून त्याला त्यांच्या कानातल्या यंत्राचा संशय आला. त्याने अदबीने विनंती केली, की आई, ते जरा काढून ठेवता का.

"का? मला ऐकू जाऊ नये असं काय बोलायचंय तुला?" ब्रोनेबाईंनी विचारलं.

त्यांनी यंत्र काढलं, स्वर तसाच राहिला. मग त्याने त्यांची लोकरीची शाल काढून पाहिली, चष्मा काढून पाहिला, हातातलं विणकाम दुसऱ्या खोलीत नेऊन पाहिलं. शेवटी त्याने त्यांना विनंती केली, की दाराबाहेर जाऊन परत आत याल का, हळूहळू, म्हणजे नेमकं कुठे पोचल्यावर आवाज बदलतो ते कळेल. ब्रोनेबाई काठी टेकत बाहेर गेल्या, आत आल्या, पुन्हा गेल्या. बाजारातून परतलेल्या दाइवाने जे पाहिलं ते असं: खुबा मोडलेली तिची आई अनवाणी, शालीशिवाय, चष्म्याशिवाय दारातून आतबाहेर करते आहे आणि नवरा जमिनीवर उकिडवा बसून तिला "अजून एकदा" म्हणतो आहे.

त्यानंतर जे झालं त्यात दाइवाच जास्त बोलली. रिमविदासने खुलासा करायचा प्रयत्न केला, पण खुलासा ऐकून ती जास्तच चिडली. भांडणाच्या भरात कुणाचं लक्षही नव्हतं, आणि ब्रोनेबाई खुर्चीत परतून बसल्या होत्या. त्यांनी सवयीने पाय रेडिएटरला लावले आणि हात पेटीच्या कोमट झाकणावर टेकला. स्वर आला. त्यांनी हात उचलला. गुरगुर. टेकला. स्वर.

"हात," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने होतंय."

रिमविदासने लगेच स्वतःचा हात झाकणावर ठेवला. गुरगुर. दाइवाचा राग अजून गेला नव्हता, तरी तिनेही ठेवून पाहिला. गुरगुर. पुन्हा ब्रोनेबाईंनी ठेवला आणि पेटी गायला लागली. एकट्या ब्रोनेबाईंना यात नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, गिरणीतसुद्धा एक माग असाच होता, दुसऱ्या कुणी हात लावला की धागा तोडायचा.

त्या दिवसापासून घर बदललं. संध्याकाळी रिमविदास कामावरून आला की ब्रोनेबाई आधीच मोजे काढून तयार असत. त्याने बटणं फिरवायची, त्यांनी हात ठेवायचा. हात दाबून ठेवला की स्वर घट्ट होतो, नुसती बोटं टेकवली की पातळ होतो, हे त्यांनीच शोधून काढलं. त्याची एखादी चाल रटाळ झाली की त्या हात काढून घेत आणि पेटी गुरगुरली की म्हणत, "बघ, तिलाही आवडलं नाही." दाइवा एकदा "आई, तू बस," म्हणाली तर त्यांनी तिला सुनावलं, की बसलेच तर आहे, दिसत नाही का काम चाललंय ते. साखरेचं भांडं अजून भोकावरच होतं, पण आता त्या ते रिमविदासकडे सरकवत आणि तेवढा वेळ भोक हाताने झाकत.

रिमविदासने एवाल्दासला कळवलं, की आम्ही दोघं येणार, सासूबाई आणि मी. एवाल्दासने विचारलं, की त्या काय वाजवणार. रिमविदासला खरं उत्तर माहीत नव्हतं. तो म्हणाला, त्या झाकणावर असतात.

कार्यक्रमाच्या आठवड्यात सांस्कृतिक भवनात तालीम झाली. ब्रोनेबाई चांगले बूट घालून मंचाच्या मधोमध बसल्या, त्यांनी हात ठेवला आणि पेटी ट्रॅक्टरसारखी गुरगुरली. पुन्हा ठेवला, दाबून ठेवला, दुसरा ठेवला. गुरगुर. एवाल्दास घशात खाकरला. ब्रोनेबाईंचा चेहरा पडला. त्यांनी हात मांडीवर ओढून घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. रिमविदासला त्या पेटीपेक्षा त्या चेहऱ्याची काळजी वाटली.

"पाय गारठलेत माझे," अखेर त्या म्हणाल्या. "अशा थंडीत कुणाचं काम होईल?"

मंचाच्या एका बाजूला भिंतीशी रेडिएटर होता. खुर्ची तिकडे नेली, तिपाई नेली, तारा लांबवल्या. ब्रोनेबाईंनी बूट-मोजे काढून तळवे लावले, हात ठेवला, आणि सभागृहात स्वर पसरला. एवाल्दास म्हणाला, ठीक आहे, तुम्ही भिंतीजवळ बसा, दिवा तिकडे फिरवतो. ब्रोनेबाईंना ते रास्त वाटलं.

रिमविदास मात्र घरी आल्यावर त्या रेडिएटरचाच विचार करत राहिला. त्याने जर्मन माणसाला सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. सासू, हात, तळवे, गरम लोखंड, काही लपवलं नाही. उत्तर एका ओळीचं आलं: झाकणाला अर्थिंग दिलंय का? सुट्या भागांसोबत छोटी हिरवी तार आली असेल.

तार आली होती. ती कशाची ते न कळल्याने रिमविदासने त्या तारेने ब्रोनेबाईंच्या कुंडीतलं जिरेनियमचं रोप काठीला बांधलं होतं. एवढे दिवस त्या पेटीला अर्थच नव्हता, आणि तो पुरवत होत्या सासूबाई, झाकणापासून तळव्यापर्यंत आणि तळव्यापासून रेडिएटरच्या नळातून थेट जमिनीत. आपला हात का चालला नाही हेही त्याला पायातल्या रबरी सपाता पाहून कळलं. त्याने तार सोडवली, एक टोक झाकणाला आणि एक आत जिथे हवं तिथे सोल्डर केलं. पेटी चालू केली. कुणी हात न लावता ती गात होती. हिवाळाभर ज्यासाठी झुरला तो आवाज समोर होता आणि रिमविदासला आनंद म्हणून होईना.

पलीकडच्या खोलीत ब्रोनेबाई दाइवाला मागून झिपर लावायला सांगत होत्या. निळा पोशाख होता, गिरणीतून निवृत्त होताना शिवलेला. केस दुसऱ्या दिवशी करून घ्यायचे होते, केशकर्तनालयात त्यांनी स्वतः फोन करून वेळ घेतली होती. दाइवा बाहेर आली, तिने पेटी ऐकली, पेटीजवळ कुणी नाही हे पाहिलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

"तू तिला सांगणार आहेस?"

रिमविदासने पेटी बंद केली. तो म्हणाला, "काय सांगायचं? मला तरी कुठे काय कळतंय त्यातलं."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. ब्रोनेबाई भिंतीजवळ बसल्या, निळ्या पोशाखात, केस नीट बसवलेले, अनवाणी तळवे रेडिएटरवर. त्यांनी प्रेक्षकांकडे एकदा पाहिलं आणि हात ठेवला. पेटी गायला लागली. रिमविदास बटणं फिरवत होता पण त्याच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे त्या हाताकडे पाहत होते. हात जरा दाबला गेला की पुढच्या रांगेतल्या बायका पुढे झुकत.

मधेच ब्रोनेबाईंना शिंक आली. त्यांनी दोन्ही हातांनी बाहीतला रुमाल काढला, शिंकल्या, नाक पुसलं.

पेटी गात राहिली.

ब्रोनेबाईंनी रुमालावरून पेटीकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे, मग जावयाकडे. रिमविदासने तेच केलं जे तो नवशिक्याने चुकून रिव्हर्स गिअर टाकला की करायचा. समोर नजर ठेवली आणि चेहरा शांत ठेवला. क्षणभर त्याला वाटलं, आता या उठतील आणि काठी टेकत खाली उतरतील. ब्रोनेबाईंनी रुमाल घडी करून बाहीत ठेवला. मग पूर्वीपेक्षाही सावकाश, दोन्ही हात उचलून त्यांनी झाकणावर ठेवले आणि डोळे मिटले. सभागृहातून एक निःश्वास आला.

शेवटी लोक उभे राहिले. एवाल्दासने आणलेली ट्युलिपची फुलं ब्रोनेबाईंना दिली. एक तरुणी येऊन म्हणाली, तो हात एकदा हातात घेऊ का. शाव्ल्याईहून आलेल्या एका गृहस्थांनी पुढच्या महिन्यात आमच्याकडे याल का असं विचारलं, ब्रोनेबाईंना विचारलं, आणि जाता जाता रिमविदासला म्हणाले की हो, तुम्हीही या.

परतताना गाडीत ब्रोनेबाई मागे बसल्या होत्या. शेजारी दाइवा फुलं धरून बसली होती. गाडीने नेमूनास नदीवरचा पूल ओलांडला. रिमविदासने मनातल्या मनात दोन-तीन वाक्यं जुळवली आणि सोडून दिली. अखेर ब्रोनेबाईंनीच घसा साफ केला.

"रिमविदास, तुझं यंत्र बिघडलंय."

"काय झालं, आई?"

"मी हात काढला तरी वाजत होतं. लोकांच्या लक्षात आलं नाही, मी सांभाळून घेतलं. पण शाव्ल्याईला असं चालायचं नाही. तिथे जायच्या आत दुरुस्त कर."

रिमविदासने आरशात पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि चेहऱ्यावर गिरणीतल्या प्रमुखाचा भाव होता.

"उद्याच करतो," तो म्हणाला.

सकाळी त्याने सोल्डरचं टोक तापवलं आणि हिरवी तार काढून टाकली. पेटी फ्रीजसारखी गुरगुरायला लागली. ब्रोनेबाई मोजे काढून खुर्चीत बसल्या, तळवे टेकवले आणि झाकणावर हात ठेवला.

"आता कशी बरोबर चालतेय," त्या म्हणाल्या. "आणि शाव्ल्याईला फोन कर. रेडिएटर कुठल्या भिंतीला आहे ते विचारून ठेव."