कानाचा पुरावा

आमचे शहाडचे शेजारी काळुराम भोईर यांची गाय म्हातारी झाली होती. ती त्यांच्या पत्नी सगुणाबाईंच्या माहेराहून आलेली. तिचं एक तरी वासरू गोठ्यात राहावं, एवढीच दोघांची इच्छा. तिच्याकडे शासनाचं लक्ष जायचं काही कारण नव्हतं, पण पशुवैद्य डॉ. वर्षाली मोकाशी यांनी गायीची स्त्रीबीजं काढून प्रयोगशाळेत फलित केली आणि प्रकरण रीतसर झालं.

बारापैकी एकच भ्रूण टिकला. सहाव्या दिवशी वर्षालीताईंनी त्याच्या पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं रंगवून तपासली. कुठल्या पेशींचं वासरू होणार आणि कुठल्यांची वार, ते या खुणांवरून कळतं. खुणा उत्तम होत्या. दुसऱ्याच दिवशी भ्रूण एका तरण्या गायीच्या गर्भाशयात सोडायला हवा होता. परवानगीच्या अर्जात ताईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, "पृष्ठभागावर ओळखखुणा आढळल्या."

कोपरीतल्या पशुओळख कार्यालयातून मंदाकिनीबाईंचा तासाभरात फोन आला. अडवायचं असलं की कार्यालय तत्पर असतं.

"ओळखखूण म्हणजे कानातला पिवळा बिल्ला. तुम्ही त्याचा नंबर लिहिलेला नाही."

"मॅडम, ही खूण पेशीवरची आहे. सूक्ष्मदर्शकातून दिसते."

"आमच्याकडे कानावर दिसते."

"त्याला अजून कानच नाहीत!"

"तसं लिहू नका हं. कानाचा रकाना अनिवार्य आहे."

काळुरामांनी फोन घेतला. "बाई, गाईचे पोटान गेल्याबिगर कान येल कसा?"

"बिल्ल्याशिवाय पोटात जाता येणार नाही."

"आन् कानाबिगर बिल्ला?"

"लागत नाही. बघा, तुम्हाला नियम बरोबर समजला."

भ्रूणाला मात्र तो समजला नाही. तो वाढतच होता. सातव्या दिवशी दुपारी वर्षालीताईंनी नळी हातात घेतली. दोनदा परत खाली ठेवली. तिसऱ्यांदा त्यांनी परवानगीविनाच भ्रूण गायीच्या पोटात सोडला. त्याच दुपारी कार्यालयानेही निर्णय दिला : भ्रूण अपात्र, सबब अस्तित्वात नाही.

नऊ महिन्यांनी अस्तित्वात नसलेली कालवड जन्माला आली, दोन्ही कानांसकट. सगुणाबाईंनी तिला पुसता पुसता रडून घेतलं. काळुरामांनी बिल्ला मागितला, तेव्हा मंदाकिनीबाई जातीने पाहणीला आल्या. कालवडीने त्यांचा पदर तोंडात धरला.

"ही रद्द झालेली आहे," त्या पदर ओढत म्हणाल्या.

"मंग तुमचा पदर कोन खातंय?" सगुणाबाईंनी विचारलं.

"त्याची आमच्याकडे नोंद नाही." मग जरा विरघळून म्हणाल्या, "कालवड आहे असं पाच जणांनी लिहून दिलं, तर बघते."

अख्खी आळी गोठ्यात जमली. सगळ्यांनी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला, फोटो काढले, कार्यालयाच्या नावाने पोट धरून हसले. सहीचा कागद फिरू लागला, तेव्हा एकाला चष्मा सापडेना, दुसऱ्याचा जावई सरकारी नोकरीत निघाला. मी तर भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस. मी म्हणालो, "दिसतेय तर खरी, पण लेखी कशाला?"

वर्षालीताईंची धरून कशाबशा चार सह्या झाल्यात. एक कमी पडतेय. तुम्ही आत्ता हसलात, म्हणजे कालवड तुम्हालाही दिसली. हे घ्या पेन.