पारू जलसेवा, फक्त अभ्यासापुरती

करुणानं पाटी फाटकाला चिकटवली ती फक्त फोटोपुरती. घरात उजेड कमी, भिंतीचा रंग उडालेला, आणि सरांनी सांगितलं होतं की जाहिरातीचा फोटो स्वच्छ हवा. तिनं चार बाजूंनी फोटो काढले, त्यातला एक सरांना पाठवला, तेवढ्यात आतून आईनं हाक मारली, "करुणे, भाकर निवू लागली!" ती जेवायला गेली. जेवून जरा आडवी झाली. पाटी फाटकावरच राहिली.

रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या करुणाला एमबीएला प्रवेश मिळाला होता, पण अर्धाच. ज्यांनी आयुष्यात कधी कॉमर्सचं पुस्तक उघडलं नाही, त्यांनी वर्ग सुरू व्हायच्या आत 'लेखांकनाची ओळख' हा ऑनलाइन अभ्यासक्रम पास व्हायचा, मगच प्रवेश पक्का, असा कॉलेजचा नियम होता. नापास झालं तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. तोंडी परीक्षा येत्या शनिवारी होती.

शिकवणारे मुकुंद सर पुण्याहून बोलत. त्यांची पद्धत अशी की प्रत्येकानं मनानंच एक धंदा उभा करायचा, त्याला नाव द्यायचं, त्याची जाहिरात करायची, आणि शिकलेली प्रत्येक गोष्ट त्याच धंद्याला लावून बघायची. कुणी केकचं दुकान काढलं, कुणी योगवर्ग. करुणानं डोळ्यांसमोर दिसला तो धंदा उचलला. देवळाईच्या मागं त्यांची वसाहत. तिथं इमारती आल्या होत्या, रस्ते निम्मे आले होते, पाणी मात्र अजून वाटेत होतं. लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड दाखवून पाठ फिरवलेली. नळाच्या लाइनसाठी खणलेल्या चरात पोरं लपाछपी खेळत. म्हणून करुणानं कार्डशीटवर निळ्या स्केचपेननं आईचं नाव घालून लिहिलं होतं: 'पारू जलसेवा. एक फोन, दारात टँकर.' खाली मोबाइल नंबर. जाहिरात परिपूर्ण पाहिजे, असं सरच म्हणाले होते.

तासाभरानं ती उठून बाहेर आली तेव्हा फाटकासमोर निळ्या ड्रमांची ओळ लागली होती. ओळ गल्लीच्या कोपऱ्यावरून वळून पुढं दिसेनाशी झाली होती.

"आई! हे काय?"

पारूबाई पायरीवर गहू निवडत बसल्या होत्या. "मला काय ठाव? मला वाटलं तुलाच ठाव आसंल."

"कुणी काही विचारलं का तुला?"

"गीताबाई विचारू लागली, टँकर कधी येनार म्हनून."

"मग तू काय म्हणालीस?"

"बघू की म्हणलं."

हे 'बघू की' पारूबाईंचं आयुष्यभराचं उत्तर. त्यांच्या तोंडून आजवर कुणी 'नाय' ऐकलेलं नव्हतं. वर्गणीवाला असो, उसनी साखर मागणारी असो, त्या 'बघू की' म्हणत आणि समोरचा माणूस ते 'हो' समजून जाई. बहुतेक वेळा ते होच असे.

करुणानं झटक्यात पाटी काढली. पण उशीर झाला होता. या भागात ड्रम माणसाच्या जागी उभा राहतो. एकदा ओळीत लावला की माणूस कामाला जायला मोकळा, ड्रमाचा नंबर कुणी मोडत नाही. आता पाटी नसली तरी ओळ होती, आणि ओळीपेक्षा मोठी जाहिरात त्या उन्हाळ्यात दुसरी नव्हती. जाणारा-येणारा ओळ बघे, टँकर येणार हे उघडच आहे असं म्हणे, आणि घरी जाऊन ड्रम घेऊन येई. आपला ड्रम आधी काढायला कुणीच तयार नव्हतं, कारण मागचा पुढं सरकला असता.

चारच्या सुमाराला करुणाचे वडील, अभयराव, वाळूजची पहिली पाळी करून कंपनीच्या बसनं परतले. त्यांनी ओळ बघितली. कुणाला काही न विचारता ते घाईनं मागच्या दारानं आत गेले, न्हाणीतला रिकामा ड्रम आडवा केला आणि गडगडत नेऊन ओळीच्या शेवटी लावून आले. ओळ आपल्याच फाटकापासून सुरू झाली आहे, हे त्यांना चहा पिताना कळलं.

"म्हंजी टँकर नाय?" त्यांनी बशी खाली ठेवली.

"नाही बाबा. ती अभ्यासातली कंपनी आहे."

"आन् मी ड्रम इतक्या लांब लोटत नेला!"

करुणा एकेका ड्रमवाल्याला समजावत फिरली. कंपनी खरी नाही, परीक्षेपुरती आहे, असं हात जोडून सांगितलं. लोक ऐकून घेत, मान डोलवत आणि एकमेकांकडं बघून डोळा मारत. "सगळेच टँकरवाले पहिल्यांदा नाय म्हंतेत," गीताबाई तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या. "आमी थांबतो माय. आमाला घाई नाय."

खरा घोळ संध्याकाळी घरात चालत आला. शेजारच्या मालनबाई हसतमुखानं आल्या आणि त्यांनी पारूबाईंच्या मुठीत नोटा कोंबल्या.

"हे इसार. शनिवारी नातीचं बारसं हाय, सगळा गोतावळा यायलाय. टँकर सकाळच्यालाच पाहिजे."

"काकू, अहो, कंपनी नाहीये!" करुणा कळवळून म्हणाली. "तुम्ही तर दुसरा टँकर सांगितला होता ना?"

"व्हता. आत्ताच फोन करून नको म्हणलं त्याला. शेजारी घरची कंपनी असताना परक्याला कामून पैसा द्यावा?"

"मग त्याला परत फोन करा!"

"केला की लगेच, एक जास्तीचा आसावा म्हनून. तो म्हणला, तुमची गाडी त्याच घडीला दुसऱ्यानं घेतली. या दिवसात टँकर रिकामा ऱ्हातो व्हय?" मालनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "कामून गं? कंपनीत पहिलं गिऱ्हाईक मी नको व्हय?"

करुणानं आईकडं बघितलं. पारूबाई मुठीतल्या नोटांकडं बघत होत्या.

"बघू की," त्या म्हणाल्या.

मालनबाई समाधानानं निघून गेल्या. आता शनिवारी बारशाला पाणी नसेल तर ते करुणामुळं नसणार होतं. भिंतीवरच्या तसबिरीतून बाबासाहेब तिच्याकडं बघत होते, आणि अभ्यास करून जगात कुणाचं नुकसान करावं असं त्यांनी कुठंच सांगितलेलं नव्हतं.

दोन दिवस करुणानं पुस्तक हातात धरलं नाही, फोनच धरला. शहरातल्या ज्या ज्या टँकरवाल्याचा नंबर मिळाला त्याला विचारलं. सगळे बुक. चिकलठाण्याच्या नव्या सोसायट्यांनी महिन्याभराच्या गाड्या आधीच बांधून ठेवलेल्या. शेवटी शुक्रवारी ती स्कूटी काढून फुलंब्री रोडला गेली. तिथं एका विहिरीवर टँकर भरतात, असं अभयरावांच्या पाळीतला एकजण म्हणाला होता. विहिरीपाशी बाभळीच्या सावलीत कडुबा नावाचा ड्रायव्हर टँकरच्या चाकाला पाठ लावून बसला होता.

"उद्या सकाळी एक गाडी पाहिजे होती दादा. देवळाईला. बारसं आहे."

"नाय जमत. देवळाईला म्या जातच नाय. मागल्या टायमाला लोकांनी माझा पाइप दोन्हीकडून वढून तोडला. एक बाई टाकीवर चढली व्हती."

"आमच्याकडं तसं नाही होत."

"समदे आसंच म्हंतेत."

करुणाला दुसरं काही सुचेना. तिनं मोबाइलमधला ओळीचा फोटो उघडून दाखवला. कडुबानं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. एकामागं एक, सरळ रेषेत, गल्लीचं वळणसुद्धा न मोडता उभे असलेले निळे ड्रम. त्याच्या डोळ्यांत, गावाकडं चांगलं उभं पीक बघताना येतं तसं काहीतरी आलं.

"हे तुमी लावलं?"

"लावलं नाही. लागलं."

"कितीक दिवस झाले?"

"बुधवारपासून."

"आन् भांडण नाय?"

"अजून तरी नाही," करुणा खरं ते म्हणाली.

"कोनती कंपनी म्हनायची?"

"पारू जलसेवा."

"ऐकलं नाय कधी. पण वळ झकास हाय," कडुबा उठत म्हणाला. "उद्या धा वाजता येतो. पहिली टाकी बारशाला. मग दुसरी खेप वळीला."

दहाला. तोंडी परीक्षा होती दहाला.

घरात मोबाइलला रेंज येत नसे, ती फक्त फाटकाजवळच्या ओट्यावर येई. म्हणून शनिवारी करुणा स्वच्छ कुडता घालून ओट्यावर बसली आणि समोर पहिल्या नंबरच्या ड्रमावर मोबाइल टेकवून ठेवला. मुकुंद सर पडद्यावर आले. त्यांच्या मागं हिरवीगार बाग होती आणि बागेत कुणीतरी झारी घेऊन फिरत होतं. करुणाची नजर त्या झारीवरून हलेना.

"सुरुवात करू या. तुमचा काल्पनिक व्यवसाय थोडक्यात सांगा."

"सर, माझी पारू जलसेवा ही..."

कोपऱ्यावरून टँकरचा कर्कश हॉर्न वाजला. पुढं काय झालं ते सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली. हंडे, बादल्या, कॅन, नळ्या बाहेर आल्या. जो तो आपापल्या ड्रमाजवळ जाऊन उभा राहिला. मालनबाई बारशाच्या धावपळीतून, केसांना तेल, अंगावर घरातलं विटकं पातळ, अशा अवतारात धावत आल्या आणि मोबाइल आणि करुणा यांच्या बरोब्बर मधे उभ्या राहिल्या.

"आधी माझी टाकी! इसार दिलाय म्या!"

"मालनकाकू, परीक्षा चालू आहे," करुणा दातावर दात ठेवून पुटपुटली.

"तुझी परीक्षा व्हत राहील! माझे पाहुणे चपला काढून हातपाय धुवाया बसलेत, हांड्यात ठिपूस नाय!"

"आवाज जरा आहे तिकडे," सर सौम्यपणे म्हणाले. "असो. मला सांगा, समजा तुमच्या ग्राहकाने काम होण्याआधीच तुम्हाला आगाऊ रक्कम दिली. तर ती तुमचं उत्पन्न, की देणं?"

हाच प्रश्न करुणाला कधी जमला नव्हता. आधीच्या दोन्ही चाचण्यांत तिनं 'उत्पन्न' लिहून गुण घालवले होते. पैसे आपल्या हातात आले, मग ते देणं कसं, हे तिला पटतच नव्हतं. तिनं वर बघितलं. मालनबाई कमरेवर हात ठेवून, डोळे वटारून, तिच्या अगदी अंगावर आल्या होत्या.

"देणं, सर!" करुणा ओरडली. "देणंच! पाणी दारात पडेपर्यंत त्यातला एक पैसा आपला नाही! डोक्यावर बसलेलं असतं सर ते!"

"वा! उत्तम! अगदी आतून आलं हे उत्तर!"

तिकडं टँकरपाशी गीताबाई हळूच आपला ड्रम पाच नंबर पुढं सरकवू लागल्या. "पारू, तुझीच कंपनी ना? आपल्या मान्साला जरा आधी घी."

पारूबाईंनी तोंड उघडलं. सवयीनं 'बघू' इतकं आलंही. मग त्यांनी मागची ओळ बघितली, आणि उन्हात पाइप धरून त्यांच्याकडं बघत थांबलेला कडुबा बघितला.

"नाय," त्या म्हणाल्या.

गीताबाई थबकल्या. त्यांच्यामागून आपला ड्रम पुढं आणू बघणारे अभयराव थबकले. खुद्द पारूबाईसुद्धा क्षणभर थबकल्या, दुसऱ्याच कुणीतरी बोलल्यासारख्या. मग त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी आणखी एकदा, जरा मोठ्यानं, "नाय!" म्हणून बघितलं. "मागं जाय गीता. नंबरानंच पाणी भेटंल. आन् तुमी बी," त्या नवऱ्याकडं वळल्या, "शेवटी हाव ना? मग शेवटीच थांबा."

पाइप तुटला नाही. टाकीवर कुणी चढलं नाही. कडुबानं जाता जाता पारूबाईंना राम राम घातला, त्यांनी जय भीम केला, आणि बुधवारी पुन्हा यायचं ठरलं.

निकाल संध्याकाळी आला, तेव्हा करुणा मालनबाईंच्या घरी बारशाच्या पंगतीत होती. पाळण्याला झेंडू लावलेले, नातीचं नाव मृण्मयी ठेवलेलं, आणि हात धुवायला दारात भरलेलं पिंप. तिनं जिलबीचा हात पुसून मोबाइल उघडला आणि किंचाळली.

"पास! आई, पास झाले! प्रवेश पक्का!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पारूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अभयरावांनी सगळ्यांदेखत आणखी एक जिलबी उचलली.

"सरांनी शेरा लिवला आसंल की," मालनबाई जवळ येत म्हणाल्या. "वाच ना, आमाला बी कळू दे."

करुणा वाचू लागली. "'संकल्पना स्पष्ट आहेत. सादरीकरणासाठी शेजाऱ्यांना घेऊन संपूर्ण प्रसंग उभा केलात, टँकरसुद्धा आणलात, ही मेहनत कौतुकास्पद. मात्र...'" ती थांबली.

"मात्र काय?"

"'मात्र मधे येऊन उभ्या राहिलेल्या बाईंचा अभिनय फारच अतिरंजित वाटला. प्रत्यक्षात पाण्यासाठी माणसं इतक्या थराला जात नाहीत. उदाहरण वास्तवाला धरून असावं. दोन गुण वजा.'"

कुणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला, ते नाकातून बाहेर पडलं. मालनबाई जिलबीचं ताट हातात घेऊन तशाच उभ्या.

"माझ्यापायी दोन गुण गेले व्हय तुझे?"

"गेले तर गेले, काकू," करुणा हसत म्हणाली. "तुम्ही समोर नसतात तर मी त्या प्रश्नाला सपशेल आपटले असते."

मालनबाईंनी थोडा विचार केला. मग ताट खाली ठेवून केसांवरून हात फिरवला, खांद्यावरचा पदर नीट केला आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"पुढल्या परीक्षेला मातुर आधी सांगत जाय. जरा बरं लुगडं नेसून यीन."